कासवाचा लॅपटॉप

"हा घेऊ नका," दुकानातल्या सगळ्यात महागड्या गेमिंग लॅपटॉपवर हात ठेवून विक्रेत्याने सांगितलं, आणि समोरचं जोडपं चाटच पडलं.

त्याची पद्धतच तशी होती. गिऱ्हाईक काय खेळतं, किती वेळ खेळतं, हे विचारून घ्यायचं आणि सरळ निकाल द्यायचा. कुठल्या मशीनची किंमत वसूल होते आणि कुठली नुसती शोभेची, हे त्याला तोंडपाठ होतं. पण त्याचा खरा अभिमान वेगळाच. माणूस दारातून आत आला की तो कोण आणि काय घेणार हे आपण ओळखतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा. मालक मनातून वैतागत. पण त्याने परत पाठवलेली माणसं पुढच्या खेपेला मेहुण्याला घेऊन येत, त्यामुळे ते मूग गिळून गप्प बसत.

आज कासव येणार होता.

कासव म्हणजे त्याचा ऑनलाइन खेळातला जोडीदार. रोज संध्याकाळी दोघं मिळून पडक्या इमारतींत शिरत, शत्रूला चुकवून सामान गोळा करत आणि जिवंत बाहेर पडत. पुढे भुंगा, मागे कासव. भुंगा हे नाव विक्रेत्याने शाळेत असताना घेतलं होतं, ते अजून बदललं नव्हतं. कासवाला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं, आवाजही ऐकलेला नव्हता, कारण तो नुसता टाइप करायचा. तरी या पठ्ठ्याने त्याची कुंडली मांडून ठेवली होती. माइक लावत नाही, म्हणजे शेजारच्या खोलीत आईबाप. टाइप करायला वेळ लागतो, म्हणजे कीबोर्डची निम्मी बटणं गेलेली. रात्री नऊ वाजले की खेळ सोडून उठतो, म्हणजे परीक्षा डोक्यावर. एकूण, नुकताच कॉलेजात गेलेला, धाकात वाढलेला पोरगा.

आणि जरा भित्रा. खोलीत शिरलं की मागचं दार एकदा लावून त्याचं समाधान होत नसे. उघडून पुन्हा लावायचा. बाकीचे खेळाडू त्यावरून त्याची टर उडवत. भुंगा मात्र थांबायचा.

थांबावं तर एरवीही लागायचं. कासवाचा जुना कॉम्प्युटर ऐन मोक्याला गचके खायचा, आणि तो पुन्हा चालू लागेपर्यंत दोघं गप्पा मारत. अशाच एका वेळी विक्रेत्याने त्याला आपल्या वडिलांचं सांगून टाकलं होतं. पहिल्या काही पगारांतून गेमिंग लॅपटॉप घेऊन तो घरी गेला, तेव्हा वडील म्हणाले होते की असल्या खेळण्यावर इतके पैसे उधळणारा माझ्या घरात नको. तो लॅपटॉप उचलून जो निघाला तो निघालाच. आईचे फोन येत, पण वडिलांचं नाव दोघंही काढत नसत. आठवण मात्र यायची, आणि तिचाच त्याला जास्त राग यायचा.

 कासवाने लिहिलं, "चुकलंच त्यांचं." विक्रेत्याला फार बरं वाटलं होतं. एवढ्याशा पोराला कळतं ते आपल्या बापाला कळलं नाही, असं त्याच्या मनात आलं होतं.

मग गेल्या आठवड्यात कासवाने लिहिलं, की तो नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणतोय. कुठला, तर नेमका तो सगळ्यात महागडा.

"इतकी किंमत वसूल होते का?"

"तुझ्यासारख्याची नाही. रोज तासभर खेळायला निम्म्या किमतीचा पुरे. हा नको घेऊ."

"मला मागे पडायचं नाही."

"मी थांबतो की."

"तेच ना. किती दिवस थांबशील?"

पैसे जमवलेत, पण घरी पटवावं लागेल, असंही तो म्हणाला होता. विक्रेत्याने त्याला अनुभवाचे बोल ऐकवले: वाद घालू नकोस, दुकानात ये, चालवून बघ, मग घरी बोल. काल उत्तर आलं, "घरी पटलंय. उद्या येतो."

त्याने काउंटरवर दोन लॅपटॉप मांडले. महागडा मागे, निम्म्या किमतीचा पुढे. दोन्हींवर तोच खेळ लावला. मालकांना बजावून सांगितलं, की पोरगा साधा आहे, त्याच्या गळ्यात महागडं काही मारायचं नाही. त्याला ओळखणार कसा, असं मालकांनी विचारलं तेव्हा तो हसला.

"पाठीला सॅक असेल, आणि दारात घुटमळेल. बघा तुम्ही."

दार उघडल्याचा आवाज आला. त्याने वर पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

दारात वडील उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, केस पार पिकलेले. आईने पत्ता दिला असणार, हे त्याने लगेच ताडलं. आता इथे, मालकांदेखत, पुन्हा तेच खेळण्याचं पुराण. आणि तेही आज, कासव कुठल्याही क्षणी येणार असताना. तो ताठ उभा राहिला. या दुकानात त्याच्या शब्दाला किंमत होती. एक शब्द वाकडा आला तर वाटेला लावायचं, असं त्याने ठरवलं.

वडिलांनी मागे वळून काचेचं दार लावलं. मग ते उघडून पुन्हा लावलं. काउंटरपाशी येऊन त्यांनी पुढचा लॅपटॉप हलकेच बाजूला सारला आणि मागच्या, महागड्या लॅपटॉपवर हात ठेवला.

"हा नको घेऊ म्हणालास खरा," ते म्हणाले. "पण किती दिवस थांबशील?"