एकशे अडुसष्ट भागाकार

नऊशे सत्त्याण्णवनेही भाग गेला नाही. बाकी उरली नऊशे एकोणनव्वद. दिशाने पेन खाली ठेवलं. चार दिवसांत वहीची बेचाळीस पानं भरली होती, आणि ९,९९,९८३ हा आकडा जागचा हलला नव्हता.

उद्या सकाळी जामखेडहून पाहुणे तिला बघायला येणार होते. पोरीला पुढं शिकवायचं नाही, असं तिचे वडील मच्छिंद्र कधी म्हणाले नव्हते. तसं तोंडाने कोणीच म्हणत नाही. चार दिवसांपूर्वी त्यांनी हा आकडा तिच्या वहीत लिहिला, तिचा मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाले, "एक आन् हा सोडून, ज्यानं ह्या आकड्याला भाग जाईल असा आकडा काढून दाव. हातानं. मग पाहुन्यांना नको म्हनतो, तू जा पुन्याला गनित शिकायला."

यात त्यांचा डाव काही नव्हता. तीस वर्षांपूर्वी त्यांनाही पुण्याला गणितच शिकायचं होतं. तेव्हा त्यांच्या वडिलांनी, आप्पासाहेब गुरुजींनी, हाच आकडा त्यांच्यापुढे टाकला होता. मच्छिंद्र हरले आणि श्रीगोंद्यात लिंबाच्या बागेत राहिले, ते कायमचे. आपल्याला डोकंच नाही, हे त्यांनी मनोमन मान्य करून टाकलं होतं.

दिशा वही घेऊन ओट्यावर आली. मच्छिंद्र तिथे तिची वाटच बघत होते. खुर्चीत आप्पासाहेब पेपर वाचत बसले होते.

"निघाला का?" मच्छिंद्रांनी विचारलं.

"न्हाई. निघनारच न्हाई, पप्पा. ही मूळ संख्या हाय. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून बघितलं."

"हजारानं काय हुतंय? पुढं लाखांनी आकडे पडल्यात. मी चार हजारापातुर गेल्तो, तवा हात टेकले."

"पुढं बघायचंच नसतं. दोन आकड्यांचा गुनाकार दहा लाखाच्या आत असला, तर त्यातला एक तरी हजाराच्या आतच असतो. तो न्हाई म्हंजे दुसराबी न्हाई." तिने वही त्यांच्यापुढे धरली. "तुमचं काम तर हजारालाच झाल्तं."

मच्छिंद्रांनी वही घेतली. एकेक पान उलटत ते शेवटपर्यंत गेले. आप्पासाहेबांच्या हातातला पेपर बराच वेळ एकाच पानावर होता.

"आप्पा, तुमाला ठाव हुतं?"

"ठाव हुतं म्हनून तर दिला," आप्पासाहेब पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "एकुलता एक तू. बाग कुनी बघायची हुती?"

 मच्छिंद्रांना राग आला की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना. खिशातून मोबाईल काढून त्यांनी आधी पाहुण्यांना फोन लावला, येऊ नका म्हणून सांगितलं, आणि मोबाईल दिशाच्या हातात दिला.

"पोरीला सोडायला पुन्याला चाललोय, आप्पा," ते म्हणाले. "मी येईस्तवर बाग तुमी बघा."