तीन नंबरची वाइन

ग्लासच्या बुडाला औषधवाल्याने रॉकेलचं बोट फिरवलं आणि ग्लास हळूच ‘नाका’पुढे सरकवला.

क्लबात त्या म्हाताऱ्याला सगळे नाक म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नाक. वाइनच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी सातजण जमायचे, कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांतली पिनो न्वार ही लाल वाइन चाखायचे आणि कोणता उत्पादक चांगला ते ठरवायचे. ठरवायचे कसले! नाक बोलायचं आणि बाकीचे री ओढायचे. नाक म्हणालं चेरी, की सगळ्या वह्यांत चेरी. त्याच मतावर दुकानदार माल घ्यायचा, आणि दुकानदाराकडे बघून गावातली हॉटेलं.

गेल्या वर्षी तीन नंबरच्या बाटलीला नाक म्हणालं होतं, “पाणचट. दम नाही.” कागद काढला तर औषधवाल्याच्या सख्ख्या बहिणीची वाइन! ताईच्या पेट्यांमागून पेट्या परत आल्या. या वर्षीही दुकानदार नाही म्हणाला, तर ती वेली उपटून टाकणार होती. बारा वर्षं पोरासारख्या सांभाळलेल्या वेली. आज ती स्वतः बाटली घेऊन आली होती आणि बाहेर दुकानात बाकावर बसली होती. चाखणं चालू असताना उत्पादकाने आत यायचं नाही, असा नियम होता.

वर्षभर औषधवाल्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. कुठेतरी पाणी मुरतंय. टेकडीवरच्या कुणा बड्या उत्पादकाने म्हाताऱ्याला खिशात घातलंय की काय? मग एकदा त्याच्या औषधाच्या दुकानात फिनेलची बाटली फुटली. गिऱ्हाइकं रुमाल लावून बाहेर पळाली. म्हातारा आपला खोकल्याच्या गोळ्या निवडत उभा! तेव्हापासून औषधवाल्याला वेगळाच संशय आला.

म्हाताऱ्याने ग्लास फिरवला. तोंडाजवळ नेऊन खोल श्वास घेतला. डोळे किलकिले करून समोर बघितलं. शेजारच्या दाताच्या डॉक्टरने खुर्ची मागे ओढली, एकदा ग्लासकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे, आणि मुकाट्याने पेन उघडलं.

“चेरी,” म्हातारा म्हणाला. “आणि थोडी ओली माती.”

डॉक्टरने चेरी लिहून घेतलं.

“अहो, रॉकेल आहे ते!” औषधवाला ताडकन उठला. “शेंबडं पोरसुद्धा सांगेल! साहेब, तुम्हाला कसलाच वास येत नाही. थापा मारता तुम्ही! माझ्या बहिणीचं वाटोळं केलंत!”

आरडाओरडा ऐकून ताई दारात येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला.

“नाही येत वास,” तो म्हणाला. “दोन वर्षांपूर्वी तापात पडलो, तेव्हाच गेला. सांगायची लाज वाटली. नाक नसेल तर मला विचारतंय कोण?”

“मग मतं कुठून आणत होतात? कोणी पढवलं तुम्हाला?”

“तू.”

“मी?”

“बाबा रे, या खोलीत वासाची खरी जाण तुला एकट्याला. पण तू तोंड उघडत नाहीस. मी काय म्हणतो त्याची वाट बघत बसतोस. मग मी तुझं तोंड बघतो. तू खुललास की म्हणतो, छान आहे. गेल्या वर्षी तीन नंबरला तू एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलंस. मी म्हटलं, दम नाही.”

औषधवाला मटकन खाली बसला. ती वाइन त्याने पहिल्याच घोटाला ओळखली होती. इतकी सुरेख होती, की त्याचा ऊर भरून आला होता. आणि लगेच भीती वाटली होती. लोक म्हणतील, बहिणीची म्हणून डोक्यावर घेतोय. म्हणून त्याने मुद्दाम तोंड वाकडं केलं होतं. खरं काय ते नाक सांगेलच की, असं म्हणून तो निर्धास्त राहिला होता.

त्याने दाराकडे बघितलं. ताईने म्हाताऱ्याचं सगळं बोलणं ऐकलं होतं. ती चिडली नाही, रडली नाही.

“आवडली नव्हती, तर मला घरी येऊन सांगायचंस ना रे,” ती म्हणाली.