जुळवलेलं रीडिंग

“सर, बारा मिलीऐवजी तिन्ही वेळा सहा मिलीलाच द्रावण गुलाबी झालं. या गोळीत औषध निम्मंच आहे,” फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटची मोजनळी दाखवत मृण्मयी म्हणाली.

वागदरे सरांनी टेबलावरच्या एआय तपासणी यंत्राकडे पाहिलं. देशभरातली औषधं आता असंच यंत्र पास करायचं. “यंत्र नव्व्याण्णव टक्के म्हणतंय. बारा मिली लिही. रीडिंग जुळव.”

“रक्त पातळ करणारी हीच गोळी रोज घेऊनही माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला, सर!” ती कडाडली. “हे यंत्र शिकलं कशावरून? फार्मसी कॉलेजांतल्या मुलांच्या चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिकल जर्नलांवरून! त्यांत उत्तर आधी आणि रीडिंग मागाहून. तेही जुळवायलाच शिकलं!”

“मुलं जुळवतातच गं,” सर पुटपुटले.

“मुलं जुळवतात. पण खाली लाल पेनाने सही कोण करतं?”