उताराच्या पायथ्याशी

कुत्रा उताराच्या पायथ्याशी बसला, तशा बाई नेहमीप्रमाणे समोरच्या झाडाकडे बघू लागल्या.

झाडात बघण्यासारखं काही नव्हतं. पण पट्टा घट्ट धरून, मान वर करून दोन मिनिटं काढली की काम भागायचं. मग घसा खाकरायचा आणि पुढे चालू लागायचं, जणू मागे काही घडलंच नाही. मुलगा परगावी जाताना हे धूड त्यांच्या गळ्यात मारून गेला होता, सोबत पिशव्यांचा गठ्ठाही देऊन गेला होता. पिशव्या दाराआडच्या खुंटीला तशाच लटकत होत्या. एकतीस वर्षं शाळेत काढलेली, त्यातली अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. आता भर रस्त्यात वाकून कुत्र्याची घाण उचलायची? बाईंना ते काही केल्या जमेना.

तळमजल्याचं दार उघडलं आणि चाकांची खुर्ची पाठमोरी बाहेर आली. खुर्चीत बाईंचीच एक जुनी विद्यार्थिनी होती. आता तिशीची झालेली, घरी रफूचं काम करणारी. दारापुढचा उतार अरुंद आणि उभा होता, म्हणून ती उलटीच उतरायची, दोन्ही चाकं मुठींत आवळून, इंच इंच सोडत. मागे काय आहे ते तिला दिसत नसे.

बाईंना दिसत होतं. नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. शाळेच्या व्हरांड्यात तो एक शब्द उच्चारला की पार त्या टोकाची पोरं जागच्या जागी खिळायची. पण थांब म्हणायचं तर कशासाठी, तेही सांगावं लागलं असतं. बाई पुन्हा झाडाकडे बघू लागल्या.

उजवं चाक घाणीवरून गेलं. तिच्या मुठीतून एक फेरा फिरलं, मग दुसरा.

खुर्ची वळली, तसं डावं चाकही त्याच घाणीतून फिरलं. “अगंबाई, तुम्ही!” तिचा चेहरा उजळला. मांडीवरचं पुडकं घसरत होतं, ते तिने घाईने सावरलं. त्यातून पांढऱ्या शालीचं टोक बाहेर आलं होतं, ते आत खोचलं आणि नमस्कारासाठी हात उचलले. हात अर्ध्यातच थांबले. तिला वास आला होता.

तिने तळवे बघितले. मग शालीचं टोक पुन्हा बाहेर काढून बघितलं. पांढऱ्या लोकरीवर चार बोटं उमटली होती.

 ती चिडली असती, ओरडली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं.

“चार दिवस लागले हो या एका भोकाला,” ती शेवटी म्हणाली. “कुठे भोक होतं ते मलाच सापडत नव्हतं, इतकं जमलं होतं. शिंपी नऊ वाजता वाट बघतो म्हणाला, म्हणून आज लवकर निघाले.”

कुत्रा शेपूट हलवत चाक हुंगू लागला. बाईंनी पट्टा ओढला.

“माझ्या कुत्र्याने केलंय ते,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. आई खिडकीत असते ना. मी निघायच्या आत पाणी टाकून जागा धुऊन काढते ती. आज तिला उठायला उशीर झाला.”

“मग एकदा तरी बोलायचंस गं.”

“तुम्हाला?” ती कसंनुसं हसली. “तुम्हाला कोण बोलणार, बाई?”

बाईंनी कुत्र्याला शेजारच्या कुंपणाला बांधलं. कनवटीला इस्त्रीचा रुमाल होता, तो काढला. गुडघ्यावर हात ठेवून त्या खाली वाकल्या, आणि उरलेलं सगळं रुमालात गोळा केलं. वाटेवर अजून पिवळट रेघ राहिली होती. तीही पुसली.

“आईला म्हणावं, बादली दे.”

आई बाहेर आली ती बादली, ब्रश आणि साबण घेऊनच. बाईंकडे तिने बघितलंही नाही. आधी मुलीचे हात धुतले, एकेक बोट वेगळं करून, नखांच्या आतून, दोनदा. ते पाणी ओतून दिलं, स्वच्छ पाण्याची बादली बाईंपुढे आदळली, आणि शाल उचलून ती आत गेली.

बाई उतारावरच बसल्या. टायरच्या खाचाखाचांत घाण शिरली होती. एका खाचेतली निघाली की पुढची यायची. चाक थोडं पुढे ढकलायचं आणि पुन्हा घासायचं. खुर्चीवरची मुलगी ओले हात हवेत धरून बसली होती. कुठे टेकवावेत ते तिला कळत नव्हतं.

“शिंप्याकडे मी जाते,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “काय झालं ते सांगते. कुणामुळे झालं तेही सांगते.”

“नको, बाई. कशाला उगीच?”

“सांगते म्हटलं ना!”

आवाज क्षणभर जुनाच लागला.  बाई पुन्हा ब्रश फिरवू लागल्या.

उजवं चाक स्वच्छ झालं. बाईंनी एकदा ते पूर्ण फिरवून बघितलं, ब्रश बादलीत टाकला आणि उठण्यासाठी भिंतीचा आधार घेतला.

आई दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

“डावंही घ्या,” ती म्हणाली. “तिला दोन्ही हात लागतात.”