उष्टा चमचा

चौथ्या सकाळीही दही लागलं नव्हतं. भांडं कलतं केलं तसं दूध पाण्यासारखं हललं. आतल्या खोलीत भाचीची लेक ओवी तापानं कण्हली आणि मालतीआत्यांनी आरोग्य केंद्रात निरोप धाडला.

विरजण आरोग्य केंद्रानं दिलेलं होतं. त्यातले जीवाणू आजाऱ्याची लाळ चाखत आणि त्याच्याच रोगावरचं औषध दुधात तयार करत. औषध जमलं की दही लागे.

"चमचा ओवीच्या तोंडात फिरवून मगच दुधात बुडवता ना?" निरोप मिळताच घरी आलेल्या केंद्रातल्या शकीलाताईंनी विचारलं.

"बुडवते की. स्वच्छ विसळून."

"विसळून?"

"मग काय उष्टा बुडवू? दुधात?"

शकीलाताईंनी कपाळावर हात मारला. "अहो आत्या, त्या उष्ट्यातच तर सगळं आहे! चार दिवस तुम्ही त्या जीवाणूंना नुसतं नळाचं पाणी पाजलंत."

साठ वर्षांत आत्यांनी दुधाला उष्टं लागू दिलं नव्हतं. त्यांनी ओवीच्या कोरड्या ओठांतून चमचा फिरवला, डोळे मिटले आणि तसाच दुधात बुडवला.

संध्याकाळी दही घट्ट लागलं होतं, शेवंतीसारखं पिवळसर. शकीलाताईंनी त्यात तपासणीची पट्टी बुडवली आणि तिचे रंग औषधांच्या याद्यांशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले.

"लागू पडणार," त्या अखेर म्हणाल्या. "पण आत्या, हे औषध कुठल्याच यादीत नाही. आजवर कुठे झालेलंच नाही."

पहिल्याच घासाला ओवीनं तोंड वाकडं केलं. "शी, कडू!"

"असू दे गं," देवळात बोलावं तशा हळू आवाजात आत्या म्हणाल्या. "ही चव घेणारी जगात तू पहिलीच."