तळघरातली चौथी

"सर, एकदा कपाटामागची भिंत बघा," बाई म्हणाल्या. "मग खुशाल म्हणा, मुलं मठ्ठ आहेत म्हणून."

मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. "मी कधी म्हणालो?"

"तुम्ही नाही. सगळी शाळा म्हणते. तळघरातली चौथी म्हणजे ढ, असं आता पहिलीतलं पोरही सांगतं."

न मागवताच चहा आला, दोन कप. बाईंच्या बोटांचे सांधे ठणकत होते, म्हणून त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. काय काय सांगायचं ते त्यांनी जिना चढताना घोकलं होतं. मुलांचे डोळे चुरचुरतात. डोकी दुखतात. दुपारपर्यंत निम्मा वर्ग बाकावर मान टाकतो. गेल्या वर्षी पाढे घडाघडा म्हणणारा पोरगा आता सातच्या पाढ्यात अडकतो. सुट्टीत सगळी ठणठणीत; शाळा उघडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"आणि तुम्हाला काय होतं?" सरांनी विचारलं.

"मला ना, ते..." बाई थांबल्या. शब्द ओठांवर होता आणि येत नव्हता. "अंग मोडून येतं. बोलता बोलता असं निसटतं काहीतरी."

"वय झालं आपलं. आमची ही तर मला माझ्या भावाच्या नावाने हाक मारते."

बाई हसल्या नाहीत. "डॉक्टर म्हणाले, ओल आणि बुरशी. औषधं नंतर, आधी खोली सोडा. माझं जाऊ द्या हो, मुलांची डोकी नासतील."

सर उठले. टोलवाटोलवी होईल, समिती नेमू म्हणतील, अशी बाईंची खात्री होती. माणूस चक्क निघाला. जिना उतरतानाच त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला.

मुलं मैदानावर होती. वर्गात कपाटं चार. सर थेट डाव्या कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेले आणि त्यांनी ते एकट्याने ओढलं. एवढं जड लोखंडी कपाट, पण फरशीवरच्या पांढुरक्या चऱ्यांवरून मुकाट सरकलं. मागे छताखालपासून जमिनीपर्यंत भिंतीवर काळी, ओलसर साय धरली होती.

सरांनी मान हलवली आणि कपाट जागच्या जागी ढकललं.

"तुमचं अगदी बरोबर आहे, बाई. सोमवारपासून चौथी वरच्या मजल्यावर. संगीताची खोली देतो."

बाईंचे डोळे भरून आले. इतकं सोपं होतं, मग आपण एवढे दिवस गप्प का बसलो, असं त्यांना वाटून गेलं.

"फक्त पालकांच्या कानावर इतक्यात घालू नका. राईचा पर्वत करतात लोक. एकदा वर गेलो की दोघं मिळून सांगू."

"हो, तेच बरं," बाई म्हणाल्या.

घंटा झाली. मुलं पाय ओढत खाली उतरली, बाकांवर बसली. बाईंनी टाळी वाजवली.

"ऐका रे, एक गंमत सांगते. सोमवारपासून आपला वर्ग वर. मोठ्या खिडक्या आहेत तिथे."

कुणी चुळबूळसुद्धा केली नाही. काही जण डोळे चोळत राहिले. पहिल्या बाकावर महिन्यापूर्वी शाळेत आलेली मुलगी बसली होती, सगळ्या वर्गात ती एकटीच ताठ. तिने हात वर केला.

"बाई, रागवू नका हं," ती म्हणाली, "पण हे तुम्ही दर शुक्रवारी सांगता."