दीपालीचा श्वास

फ्लूट, क्लॅरिनेट आणि पियानो वाजवणाऱ्या तिघा पोरांचं ते पहिलंच रेकॉर्डिंग. ऐकायला आलेली दीपालीची आई, सुगंधा, रत्नागिरीच्या त्या छोट्या स्टुडिओत हेडफोन लावून थक्क होऊन बसली होती. आपल्या लेकीच्या क्लॅरिनेटमधून एवढं सगळं निघतं, हे तिला खरंच वाटत नव्हतं.

"काकी, सूर लावण्याआधी दीपालीचा श्वास ऐकू येतोय," रेकॉर्डिंग करणारा अमरदीप म्हणाला. "तेवढा काढून टाकतो."

"नको रे बाळा, असूंदे," सुगंधा हळूच म्हणाली. "जन्मली तेव्हा श्वासच घेत नव्हती. डॉक्टर म्हणालेले, आशा धरू नका."

अमरदीपने बाकीचे सगळे आवाज बंद केले आणि तिला तो एकटा श्वास पुन्हा ऐकवला.